मावशीवरचं पत्रक

पेंटरला जुन्या भांडणांचा नाद लागला तो रद्दीच्या दुकानात. पाट्या रंगवताना खाली अंथरायला आणलेल्या रद्दीत एकदा 'एका ढोंगी वैद्याचा समाचार' नावाचं चोपडं निघालं. कागद पिवळा पडला होता, शिव्या मात्र ताज्या. मग तो अशी पत्रकं जमवतच सुटला. शाळेवरून, नळाच्या पाण्यावरून, व्याकरणावरून माणसांनी एकमेकांना छापून छापून झोडपलं होतं.

"जिवंत माणसांची भांडणं कमी पडतात का तुम्हाला?" बायको विचारायची.

पुढे एका कलादालनाने त्याला हॉल दिला. एका भिंतीवर आरोप, समोरच्या भिंतीवर त्याचं उत्तर, दोन्ही त्याने हातभर अक्षरांत फलकांवर रंगवून टांगली. एकाच आरोपाचं उत्तर मिळेना, आणि तो आरोप होता त्याच्या मावशीवर.

आई गेल्यावर मावशीनेच त्याला वाढवलं होतं. तरुणपणी ती नर्स होती. मुलं किती, कधी, हे तुमच्या हातात आहे, असं घरोघरी बायकांना सांगत फिरायची. त्यावर कुणीतरी निनावी पत्रक काढलं होतं: 'नर्सबाई की घरबुडवी?'

पेंटरने समोर रिकामी चौकट टांगली. पाहणारे म्हणाले, "वा! या मौनात केवढा अर्थ आहे!" पेंटर हरभऱ्याच्या झाडावर चढला. मावशीला त्याने काही सांगितलं नव्हतं. आपण तिचा मानच करतोय, पाहील तेव्हा खूश होईल, असं त्याला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी कुणाकडून तरी ऐकून ती काठी टेकत एकटीच आली. कॉलेजची दोन मुलं ते पत्रक मोठ्याने वाचत खिदळत होती. त्यांचं होईपर्यंत ती मागे थांबली. मग चष्मा पुसून तिने ते शेवटपर्यंत वाचलं.

"ही चौकट रिकामी का रे?"

"तुझं उत्तर सापडलं नाही गं. रद्दीची सगळी दुकानं पालथी घातली."

"दुकानं पालथी घातलीस," ती म्हणाली. "मी तर दोन गल्ल्या पलीकडेच राहते."

पेंटरने सरळच असलेली चौकट पुन्हा सरळ केली.

"लिहिलं होतं मी. छापायला कुणी तयार होईना. कितीतरी वर्षं तोंडपाठ होतं."

"मग सांग ना! आत्ता रंगवतो."

"आता नाही आठवत. विसरायला किती कष्ट पडले, बाबा."

संध्याकाळी त्याने ते पत्रक उतरवलं. पण तोवर पेपरात फोटो छापून आला होता, मथळ्यासकट. नंतर तो रोज तिच्याकडे जाऊ लागला. ती चहा टाकायची, त्याच्या पोरांची चौकशी करायची. एकदा त्याने धीर करून विचारलं, "एखादं वाक्य तरी, मावशी?"

"दाढी कर आधी," ती म्हणाली. "आजाऱ्यासारखा दिसतोयस."

हिवाळ्यात ती गेली. तिला शेवटचं पाहायला आलेल्या म्हाताऱ्या बायकांनी दारापासून जिन्यापर्यंत गर्दी केली होती. त्यातली एकही पेंटरच्या ओळखीची नव्हती.