एक्केचाळीस आणि बेचाळीस

मिलिंदच्या बायकोचा, शलाकावहिनींचा फोन आला तेव्हा मी इथे कॅनडात, रेजिनातल्या माझ्या घरापुढचा बर्फ फावड्यानं उपसत होतो. "भाऊजी, मिलिंद गेला," एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "कशानं?" हार्ट, झोपेतच, असं त्यांनी सांगितलं आणि मला हायसं वाटलं. सख्ख्या मित्राच्या मरणाची बातमी ऐकून हायसं वाटलं, हे कबूल करायला मला सहा आठवडे लागले. त्याच्या बेसमेंटमध्ये कुलूपबंद कपाटात एक बंदूक होती. तशीच माझ्याकडे होती, आणि त्या कपाटाकडे माणूस कधी कसा बघू शकतो हे मला ठाऊक होतं...

आम्ही दोघं एकाच सरकारी ऑफिसात सॉफ्टवेअरमध्ये. तो नागपूरचा, मी पुण्याचा. जिवंत प्राण्यावर नेम धरायची दोघांचीही छाती नव्हती. हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडायच्या, एवढाच शौक. सेफ्टी कोर्स केला, लायसन्सच्या फॉर्मवर बायकांच्या सह्या मिनतवारीनं मिळवल्या आणि एका शनिवारी दोन सारख्या शॉटगन घेतल्या. एकाच खेपेत आलेल्या, त्यामुळे नंबरही लागोपाठ. माझ्या गनच्या शेवटी एक्केचाळीस, त्याच्या बेचाळीस. "जुळ्या आहेत बे, यांची ताटातूट नाही करायची," मिलिंद म्हणाला. तेव्हापासून रिवाजच पडला. नेमबाजीच्या रेंजवर गनची केस उघडली की मी म्हणायचं 'एक्केचाळीस', त्यानं म्हणायचं 'बेचाळीस', मगच गोळ्यांना हात लावायचा.

तीन वर्षांपूर्वी माझी बायको मुलीला घेऊन दूर व्हिटबी गावाला निघून गेली. चूक माझीच होती. त्या हिवाळ्यात मी दाढी करणं, फोन उचलणं, नीट जेवणं सगळं सोडलं होतं. मनात काय यायचं ते लिहीत नाही. बेसमेंटच्या जिन्यावर मी तासन्‌तास बसायचो, एवढं पुरे. एका दुपारी मिलिंद आला, स्वतःच चहा केला आणि म्हणाला, "तुझी गन दे. माझीवाली अटकून राहिली." मी दिली. त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही.

उन्हाळा आला, मी हळूहळू माणसांत आलो, आणि गन परत मागायला लागलो. तो "देतो ना, घाई काय आहे" म्हणून टाळायचा. शेवटी मराठी मंडळाच्या पिकनिकला, भेळेच्या रांगेत, मी सगळ्यांदेखत म्हणालो, "दुसऱ्याची वस्तू दाबून बसायची सवय लागलीय याला." दुसऱ्याच दिवशी तो केस घेऊन दारात हजर. मी त्याच्यासमोर नंबर तपासला. "बघून घे बे, तुझीच आहे," तो म्हणाला. मी ना माफी मागितली, ना कधी आभार मानले. त्यानं गन का नेली होती, हे मला पुढे कळलं होतं. पण तेव्हा बोलायचा धीर झाला नाही, आणि नंतर ते राहूनच गेलं.

वहिनींकडे लायसन्स नाही, म्हणून त्याची गन मीच घ्यावी असं ठरलं. कागदपत्रं झाल्यावर न्यायला गेलो आणि त्यांच्यापुढे हे सगळं ओकून टाकलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमची गन इथे होती तेव्हा तो रोज खाली जाऊन कुलूप ओढून बघायचा."

"आणि पिकनिकला मी बोललो ते?"

"गाडीत बसल्या बसल्या हसायला लागला. म्हणाला, शिऱ्या आज भांडला माझ्याशी. बरा झाला तो."

इतकी वर्षं जे मी त्याचा केलेला अपमान म्हणून छातीवर वागवत होतो, ते त्यानं खुशालीचा निरोप म्हणून ऐकलं होतं.

गेल्या रविवारी रेंजवर दोन्ही केस शेजारी शेजारी उघडल्या. 'एक्केचाळीस' म्हणालो आणि सवयीनं थांबलो... बराच वेळ थांबलो असेन, कारण पलीकडच्या गोऱ्या आजोबांनी विचारलं, "यू ओके?"

"येस," मी म्हणालो. आणि खरंच बरा होतो.