चार बोटांची कमान

आमच्या पिकअपला गावात उंट म्हणायचे. तोंड जीपचं, मागं उघडा हौदा, आणि हौद्याखाली एवढी मोकळी जागा की कोंबडी पिलांसकट तिथं सावलीला बसायची. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती एका खडीवाल्याकडून घेतली होती. दगड वाहायचे म्हणून त्यानं मागच्या दोन्ही चाकांवरच्या कमानींत, म्हणजे स्प्रिंगांत, जादा पोलादी पाटे घालून गाडी उंच करून ठेवलेली. आम्ही वाहायचो वांगी. वांग्यांच्या वजनानं ते पाटे दबतात कशाला! ओढ्याच्या वळणावर गाडी अशी कलायची की बघणाऱ्याचा जीव खालीवर व्हावा.

गाव वडीगोद्रीच्या अलीकडं. नेमकं साल आता सांगता येणार नाही, पण सत्तर उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्याकडं शाळा सातवीपर्यंत आणि आठवी अंबडला. एस.टी. अंबडला पोचायची ती शाळा भरून तास उलटल्यावर. आप्पांची गाडी मात्र रोज सकाळी वांगी घेऊन तिकडंच जायची. म्हणजे माझं पुढचं सगळं शिक्षण त्या उंटाच्या पाठीवर होतं, आणि मायचा त्याला साफ नकार होता.

"वांगी सांडली तर येचता येतेत," ती म्हणायची. "पोरगी कशी येचू?"

तिचं खोटं नव्हतं. एकदा ती स्वतः हौद्यात बसून गेली होती, तेव्हा वळणावर वांग्यांची पाटी तिच्या हातातून निसटून थेट ओढ्यात गेली होती. पण तेव्हा मला असलं काही ऐकायचं नव्हतं. मला तिचा इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिनं ते मनावर घेतलं नाही. माझा अबोला बघत बसायला तिला सवड कुठली!

शाळा उघडायला आठवडा राहिला, तेव्हा आप्पा जालन्याच्या एका गॅरेजवाल्या उस्तादाला विचारून आले. "जादा पाटे काढून टाकायचे, राह्यलेल्यांची कमान ठोकून उतरवायची. गाडी खाली बसती, मंग डुलत न्हाई. घरीच करू."

"करा," माय म्हणाली. "मी हौद्यात बसते, मांडीवर ताकाची चरवी घेते. वळणावर ताक सांडलं न्हाई तर पोरगी जाईल. सांडलं तर पुन्हा इषय काढायचा न्हाई."

रविवारी उजाडताच आप्पांनी लिंबाखाली गाडी जॅकवर घेतली आणि खाली दगड रचले. गंजलेले नट घासलेट पाजल्याशिवाय हलेनात. पाटे सुटे झाल्यावर जादाचे बाजूला टाकले. राहिलेल्यांतला सगळ्यांत लांब पाटा रुळाच्या तुकड्यावर ठेवून आप्पा घणानं ठोकू लागले. पाट्याच्या दोन टोकांना दोरी ताणायची, आणि दोरी नि पाटा यांच्यामध्ये चार बोटं नेमकी बसली की थांबायचं. बाकीचे पाटे त्याच्या बेतानं ठोकायचे.

उजवी बाजू आप्पांनी आपल्या बोटांनी मापली. डाव्या बाजूला येईपर्यंत ते घामानं निथळत होते. मला म्हणाले, "तू बोटं घालून बघ. मी नुसतं ठोकतो."

मी अगदी जीव ओतून बघितलं. "अजून फट हाय, आप्पा." ते ठोकत. "अजून थोडी." ते पुन्हा ठोकत. माझी चार बोटं घट्ट बसली तेव्हाच मी बस म्हटलं.

दुपार कलता कलता सगळं जोडलं, दगड काढले, जॅक उतरवला. गाडी खाली आली खरी, पण डाव्या अंगाला कलून उभी राहिली. आप्पा दोनदा भोवती फिरले. मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि आपला पंजा शेजारी धरला. त्यांची चार बोटं म्हणजे माझी साडेपाच. मला रडूच फुटलं. मायला पटवायचं म्हणून चाललेला खटाटोप मी, मीच मातीत घातला होता. उद्या शाळा.

माय उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "रडून राह्यली कशाला? उजवी बाजू पुन्हा उतरवा अन् तिच्याच बोटानं मापा. दोन मापं झाली म्हनून तर बिघडलं."

आप्पांनी पुन्हा जॅक लावला. या खेपेला मी बोटं घालत होते आणि माय दोरी धरून बसली होती. ऊन उतरायच्या आत गाडी अंगणात सरळ उभी राहिली. कोंबडी आपली जागा गेली म्हणून बराच वेळ कुरकुरत होती.

मायनं चरवी गळ्यापर्यंत भरली आणि हौद्यात फतकल मारून बसली. मी समोर. दिल्या शब्दावरून ती मागं हटणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी चरवीच्या काठावरच नजर रोखून होते. ओढा आला. आप्पांनी वेग नेहमीचाच ठेवला. गाडी वळली, जराशी झुकली आणि लगेच सावरली. हौद्याची फळी नेहमीसारखी करकरलीसुद्धा नाही. मी चरवीवरची नजर काढणार, तेवढ्यात वळण सुटता सुटता मागचं चाक खड्ड्यात गेलं आणि चूळभर ताक उडून मायच्या मांडीवर पडलं.

मी बघितलं. मी बघितलं हे तिनं बघितलं. तिनं पदरानं लुगडं पुसलं, चरवीचा काठ पुसला आणि पदर मांडीखाली दाबून सरळ बसली. माझ्याकडं असे डोळे वटारले की मी लगेच ओढ्याकडं बघायला लागले.

आप्पा गाडी थांबवून मागं आले. "सांडलं का?"

"न्हाई," माय म्हणाली. "थेंब न्हाई."

आप्पांनी हौद्याच्या काठावर हात टेकले आणि चरवीत डोकावले. मायच्या लुगड्याला ताकाचा आंबूस वास येत होता.

"मंग उद्या सकाळी जल्दी आवर," ते मला म्हणाले. "वांग्याच्या आधी तू बसायचं."