छान जुळलेलं हाड

रंगाऱ्याची बायको घरी येणाऱ्याला आधी पाणी द्यायची आणि मग एक्स-रे दाखवायची. खिडकीच्या काचेवर फिल्म धरून, मांडीच्या हाडातल्या सळईवरून बोट फिरवत म्हणायची, "बघा, कसं जुळलंय! डॉक्टर म्हणाले, अगदी नव्यासारखं." आणि आवाज जराही खाली न आणता, "आता हिंमत तेवढी जुळायची राहिलीय."

रंगारी पलंगावर बसून ऐकायचा. त्याचं सगळं आयुष्य शिडीवर गेलेलं. छत रंगवता रंगवता खालच्यांना हसवायचा, म्हणून गिऱ्हाइकं त्याला 'वरचा मामा' म्हणायची. एकदा स्कूटर मोटारीवर आदळली आणि मांडी मोडली. ऑपरेशन झालं, हाड भरून आलं. पण जिना उतरताना गुडघा आतल्या आत सटकायचा.

"अगं, मांडी नाही, गुडघा," त्याने बायकोला सांगून पाहिलं. "धरतच नाही तो."

"मोडली मांडी आणि गाऱ्हाणं गुडघ्याचं!" कपड्यांच्या घड्या घालत ती म्हणाली. "शिडीची धास्ती घेतलीय तुम्ही, दुसरं काही नाही."

बाई दुष्ट नव्हती. दिवसभर लॉन्ड्रीत लोकांच्या चादरींना इस्त्री करून घरी यायची, तर नवरा सकाळी होता तिथेच बसलेला दिसायचा.

शेवटी तिच्या भावानेच एका खोलीचं काम आणलं. "दाजी, चारच भिंती आहेत. पाचवी निघाली तर ती माझी."

चढताना सगळं ठीक होतं. उतरताना गुडघा सटकला. रंगारी शिडीला कसाबसा लटकला, हातातला डबा सुटला आणि मालकीणबाईंच्या कोऱ्या सोफ्यावर फिकट निळा रंग पसरला. मेहुणा मुकाट्याने फडकं घेऊन पुसू लागला.

"अहो, झालं तरी काय?" बाई ओरडल्या.

"घाबरलो," रंगारी म्हणाला. गुडघ्याचं कुणाला पटणार? भित्रा म्हटलं की लोकांना चटकन कळतं. त्यानंतर दारावर थाप पडली की तो आतल्या खोलीत जाऊन बसू लागला.

हे लपणं मात्र बायकोला बघवेना. ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. या वेळी डॉक्टरीणबाई होत्या, नवीन. "यांच्या भीतीवर काही गोळी असेल तर द्या," ती म्हणाली आणि एक्स-रे पुढे केला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला आडवं केलं, गुडघा दुमडला आणि नडगी पुढे ओढली. सैल झालेल्या ड्रॉवरसारखी ती सरकली. दुसऱ्या पायाची जागची हलली नाही.

"आतलं लिगामेंट तुटलंय. त्याच अपघातात. मांडी मोडते तेव्हा कधीकधी गुडघ्यालाही मार बसतो, पण मांडीच्या दुखण्यापुढे तो तपासायचा राहून जातो. एक्स-रेत हाड दिसतं, हे दिसत नाही." मग जरा रागानेच त्यांनी विचारलं, "इतके महिने कुणाला सांगितलं कसं नाही?"

"माझंच चुकलं," रंगारी म्हणाला. "बोललोच नाही मी."

बायको भिंतीकडे बघत होती. "खोटं बोलतायत ते," ती म्हणाली. "सांगितलं होतं. मला."

ती खाली वाकली आणि त्याच्या पायात चप्पल घालू लागली. त्याने पाय मागे ओढला.

"अगं, पाय काय धरतेस! लोक बघतायत."

"बघू देत," ती म्हणाली. मान मात्र तिने वर केली नाही.