ह्याच्याखाली तू झोपशील का?

तेव्हा मी एका कंपनीच्या खरेदी खात्यात होते. दिवसभर प्रश्न विचारणं हेच माझं काम. साधे स्क्रू घ्यायचे असले तरी तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची. आधी माल कुणाला दिलाय, बिघडला तर कोण येणार, किती दिवसांत येणार, हे सगळं विचारून झालं की मगच सहीला पाठवायचं. माल विकणाऱ्या पार्ट्या मला टरकून असत. आणि घरी? माझ्याच डोक्यावर छप्पर घालायला माणूस ठरला, तेव्हा मला एक प्रश्न धड विचारू दिला नाही. कपाळ माझं!

आम्ही भाईंदर पूर्वेला राहायचो. मी, नवरा आणि सासू-सासरे. परळची चाळीतली खोली सोडून इथे शेवटच्या मजल्यावर वन बीएचके घेतला होता. शेवटचा मजला लोक का टाळतात ते पहिल्याच पावसाळ्यात कळलं. गच्चीला भेगा पडलेल्या, आणि आमच्या आतल्या खोलीचं छत कायम घामेजलेलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एरवी पाण्याच्या टाकीवरून गुजराती, मारवाडी, मराठी सगळे एकमेकांच्या उरावर बसायचे, पण आमच्या गळतीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं: "आपका लीकेज है, आप देख लो." शेवटी आम्ही स्वतःच्या खर्चाने गच्चीवर पत्र्याची शेड टाकावी, एवढी परवानगी पदरात पडली.

आतली खोली सासूबाईंची होती. त्यांना जुना दमा. चाळीत जन्म गेला तो दीर-जावांच्या गर्दीत, साडीच्या पडद्याआड झोपून. ह्या घरात त्यांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची कॉट मिळाली, खिडकी मिळाली. खिडकीतून लांबवर मिठागरं दिसायची. त्या तासन् तास बघत बसायच्या. पण त्याच कोपऱ्यात भिंतीला काळी बुरशी धरायची आणि त्यांची छाती भरून यायची. कॉट बाहेरच्या खोलीत आणली तर तिथेही ओल मागोमाग हजर. डॉक्टर म्हणाले, ह्या घरात पुन्हा ओल आली तर ह्यांना इथे ठेवू नका.

माझी नणंद डोंबिवलीला. तिचं घर कोरडं ठणठणीत, नवरा भला माणूस. "आईला माझ्याकडे पाठवा," ती दर फोनला म्हणायची. सासूबाई ऐकायच्या नाहीत. मला जवळ बसवून म्हणाल्या, "जावयाच्या घरात मरण नको गं मला. जायचं ते माझ्या ह्या कॉटवरून जाऊ दे." मी म्हटलं, "आई, भलतंसलतं काय बोलता! आधी छप्पर तर होऊ दे." तर म्हणाल्या, "तेच म्हणते. छप्पर नीट कर, म्हणजे मी कुठे जात नाही."

मी लगेच कामाला लागले. ऑफिसातल्या सिव्हिलवाल्याकडून माहिती काढली. पत्रा किती जाडीचा, एकावर एक किती चढवणार, स्क्रूची भोकं पत्र्याच्या नालीत पाडणार की उंचवट्यावर, पाणी कुठल्या बाजूला काढणार, खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याचं काय, आधी केलेलं काम दाखवणार का, गळलं तर कोण येणार. सगळं घरात सगळ्यांदेखत मोठ्याने घोकून पाठ करून बसले. शेड करणाऱ्या दोन जणांना रविवारी बोलावूनही ठेवलं.

रविवार उजाडायच्या आधीच सासऱ्यांनी माणूस ठरवला. त्यांच्या गावचा! रत्नागिरीकडचा, भावकीतला, वसईला फॅब्रिकेशनचं काम करणारा. संध्याकाळी तो आला, सासऱ्यांच्या पाया पडला, चहा-पोहे झाले, गावच्या गप्पा झाल्या. गावची मंडळी दर शिमग्याला देवीची पालखी नाचवायला गावी जमतात, त्यात सासऱ्यांचा खांद्याचा मान आणि ह्याच्या घरालाही मान. म्हणजे काय, देवीच्या दांड्याखाली दोघे शेजारी शेजारी.

मी तोंड उघडलं. "पत्रा कुठल्या जाडीचा घालणार?"

तो हसला. "वयनी, मी हाय ना! काय बी काळजी करू नका."

"तसं नाही, पाणी कुठे काढणार?"

सासऱ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पाहुण्याच्या ताटातली पोळी उचलली. "अगं, गावाला घर शाकारताना आपण कोटेशन मागतो का कुणाला?"

शाकारणं म्हणजे पावसाच्या आधी घराची कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा नीट लावणं. त्यांच्या गावात भावकीतले चार बाप्ये मिळून एकेकाचं घर शाकारायचे. घरधन्याने नारळ-सुपारी द्यायची, जेवू घालायचं, की झालं. विचारायचं कशाला? आणि खरंच तिथे विचारायची गरज नसेल. कौल सरकलं तर शाकारणारा दोन घरं सोडून राहतो, सकाळी विहिरीवर भेटतो. त्याची आई तुमच्या आईशी बोलत असते. भाईंदरच्या गच्चीवर विहीर कुठली आणायची? पण हे मी म्हणायचं कुणाला! नवरा पेपरात डोकं खुपसून बसला होता. बापापुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची, अजून चिकटते.

सासऱ्यांनी गच्चीवर जाऊन नारळ फोडला आणि त्याच्या हातावर सुपारी ठेवली. सुपारी दिली की विषय संपला. आता विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास, म्हणजे गावात बोभाटा.

तो खाली उतरला तेव्हा सासूबाईंनी त्याला आत बोलावलं. त्यांच्यात फार बोलायचा दम नव्हता. वर बोट दाखवून एवढंच म्हणाल्या, "बाबा रे, ह्याच्याखाली तू झोपशील का?"

"काकी, म्या तर हितंच हांथरून टाकीन!" तो खो खो हसला. सासरेही हसले. मला काही हसू आलं नाही. सगळ्या प्रश्नांत हाच एक बरोबर प्रश्न होता.

वैशाखात शेड झाली. दिसायला छान होती, निळीशार. आषाढात एका दुपारी खाडीवरून वारा सुटला आणि एक पत्रा कडेने उचकटून धाडधाड आपटायला लागला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. सासूबाई दोन्ही कानांवर हात घेऊन बसल्या होत्या. मी गच्चीवर धावले. वर जाऊन बघते तर काय! शेडचा सगळा उतार आमच्याच कोपऱ्याकडे दिलेला. तिथे कठड्याला पाणी जायला भोक नाही. म्हणजे आधी गच्चीभर पडणारं पाणी आता गोळा होऊन नेमकं सासूबाईंच्या कॉटच्या डोक्यावर तुंबत होतं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे.

भिंतीवरून पाण्याचे ओघळ सुरू झाले. सासरे त्याला फोन लावत राहिले. आधी नुसती रिंग वाजायची, मग स्विच ऑफ. एकदा उगवला, दोन ठिकाणी डांबर फासलं, चहा पिऊन गेला. मी म्हटलं, "बाबा, खडसावून सांगा त्याला." तर म्हणाले, "कसं सांगू? शिमग्याला त्याच्या शेजारी खांदा द्यायचाय मला." माझा असा संताप झाला म्हणून सांगू! म्हटलं, "देवीची पालखी तुमच्या खांद्यावर, आणि आईंच्या छातीवर काय?" ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

श्रावणात नणंद टॅक्सी घेऊन आली. सासूबाईंना श्वास पुरत नव्हता, तरी त्या दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. मी त्यांची बोटं सोडवली. काय करणार, सोडवावी लागली. मला म्हणाल्या, "कॉट हलवू नकोस. चार दिवसांनी येतेय."

मग रोज संध्याकाळी फोन. "छप्पर झालं का गं?" दुसरं काही विचारायच्या नाहीत. मी म्हणायचे, "होतंय, आई." भर पावसात कोण छप्पर करणार! पत्रा दोरीने बांधून ठेवला होता, कॉटवर प्लास्टिक अंथरलं होतं. ते सांगायला जीभ धजायची नाही. गणपती झाले. नवरात्राच्या तोंडाशी एका सकाळी नणंदेचा फोन आला, आणि तिच्या रडण्यावरूनच कळलं. सासूबाई गेल्या. जावयाच्या घरात गेल्या.

जावयाने शेवटपर्यंत त्यांचं सगळं केलं, पोटच्या पोरासारखं केलं. त्यांच्या शेजारणी म्हणाल्या, केवढं भाग्य! मला मात्र त्या चौकटीवरची बोटंच दिसत होती. तेराव्याला गावची मंडळी आली, त्यात तो शेडवालाही होता. "काकी लई चांगल्या होत्या," म्हणाला. सासऱ्यांनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि ते आत निघून गेले. त्या वर्षी शिमग्याला ते गावी गेले नाहीत. गावाहून फोनवर फोन आले. "खांदा दुखतोय," एवढंच सांगितलं.

उन्हाळा लागला तशी शेड पुन्हा करायची ठरली. ह्या वेळी माणूस मी आणला, मीरा रोडच्या नया नगरातला. त्याची आमची ओळख ना पाळख. मी माझे सगळे प्रश्न घेऊन बसले होते, तर सासरे मला म्हणाले, "तू थांब. मी विचारतो." आणि हा माणूस, ज्याने जन्मात कुठल्या कारागिराला प्रश्न विचारला नव्हता, तो आपल्या मोडक्या हिंदीत एकेक विचारायला लागला. "पत्रा कितना जाडा? भोक किधर मारेगा? पानी किधर निकालेगा? खाडी का हवा आएगा तो क्या करेगा? लीक हुआ तो कौन आएगा, तुम आएगा की आदमी भेजेगा? पहले किधर काम किया, हमको दिखाओ." माझेच प्रश्न होते, एकही गाळला नाही. वर्षभर ते मनात घोळवत असणार. मला वाटलं होतं माझं बोलणं त्यांनी कधी ऐकलंच नाही.

तो माणूस वैतागला. "अंकल, काम देना है कि इंटरव्ह्यू लेना है?" पण उत्तरं देत गेला. काही पटण्यासारखी होती, काही नव्हती. जिथे नव्हती तिथे सासरे पुन्हा विचारत. मग ते उठले आणि त्याला आतल्या खोलीत घेऊन गेले. मीही मागोमाग गेले. कॉट तशीच होती, खिडकीपाशी, प्लास्टिकखाली. सासऱ्यांनी वर बोट दाखवलं.

"इसके नीचे तुम सोएगा क्या?"

त्याने वर बघितलं, मग कॉटकडे बघितलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. त्याने सरळ विचारलं, "इधर सोता कौन है?"

 मला वाटलं आता सासरे रडणार. त्यांनी वाकून कॉटवरचं प्लास्टिक काढलं, त्याची नीट घडी केली.

"अभी कोई नहीं," ते म्हणाले. "काम हुआ की मैं सोएगा."