उपाशी पोटी औषध

माझ्या रक्तात इतकी साखर निघाली की यवतमाळच्या डॉक्टरनं रिपोर्ट टेबलावर ठेवला तर त्याला मुंग्या लागल्या. हे मी गावात सांगितलं तेव्हा अर्ध्या लोकांनी विश्वास ठेवला, आणि उरलेल्यांनी मुंग्या लाल होत्या की काळ्या, एवढंच विचारलं. मी ही गोष्ट मुंग्यांवर ढकलत होतो, कारण मुंग्या काढून घेतल्या तर नुसती भीती उरत होती. आमच्या मोठ्या काकांना हाच रोग होता. आधी त्यांचा अंगठा कापला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. शेवटी आम्ही खांदा दिला तो उरलेल्या काकांना.

डॉक्टर म्हणाला होता, "सकाळी ही गोळी घ्यायची. दुपारी वेळेवर जेवायचं. तळलेलं नाही, मैदा नाही, गोड नाही. आणि गोळी घेऊन उपाशी तर अजिबात राहायचं नाही."

त्याचं काय जात होतं सांगायला? त्याचं जेवण दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर शिजत होतं. माझं पोट रस्त्यावर होतं. मी फवारणीचे पंप दुरुस्त करायचो. त्या वर्षांत कपाशीवर अळी अशी पडायची की फवारून फवारून माणसं थकत, अळी थकत नसे. पाठीवरचे पंप मात्र बिघडत आणि त्यावर माझं घर चाले. मोपेडच्या मागे सामानाची पेटी बांधून दिग्रस, दारव्हा आणि मधली गावं करायची. आमच्याकडे फवाऱ्याच्या विषाला औषधच म्हणतात. त्या औषधाचा वास माझ्या पेटीला, कपड्यांना, नखांना असा बसला होता की मी घरात शिरलो की डास बाहेर जात.

बायकोनं आधी डबा दिला. पेटीत ठेवला तर भाकर फवारलेली लागे. हँडलला टांगला तर रस्त्यातले खड्डे भाजी आधीच चावून ठेवत. शिवाय ती स्वतः झुंजुमुंजू झालं की दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची. मीच म्हणालो, "तू कायले मरतं? एवढा मोठा जिल्हा हाय, मले एका माणसापुरतं भेटन ना काईतरी."

जिल्हा मोठा होता, पण तो सगळाच्या सगळा कढईत तळला जात होता. दिग्रसच्या स्टँडवरच्या कढईतल्या तेलानं तीन सरकारं येताना-जाताना पाहिली होती. कचोरी एवढी की तिच्या सावलीत म्हैस बसावी. चहा मागितला तर त्यात चमचा उभा राही. "बिनसाखरेचा दे" म्हटलं की चहावाला माझ्याकडे असा बघे जसं काही मी बिनपाण्याची विहीर मागितली. मग तो म्हणे, "फिका चहा नाई भेटत भाऊ. एकाच गंजात सगळ्यायचा उकळते."

एकदा युक्ती केली. हॉटेलात सांगितलं, आज मला उपास आहे. मालकानं पुण्य लागावं म्हणून दुप्पट साबुदाणा वाढला, त्यात बटाटा, वर साखर भुरभुरवली. उकडलेलं अंडं चांगलं, असं कोणीतरी सांगितलं. ते दारूच्या दुकानासमोरच्या गाडीवरच मिळे. दोन दिवस तिथं उभा राहून अंडी खाल्ली. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांचा निरोप आला की जावई प्यायला लागले असं ऐकतो. फुटाणे होते, स्वस्त होते, गुणाचे होते. पण रोज फुटाणे खाऊन मी ज्या पंपाजवळ बसे त्या पंपापेक्षा जास्त हवा माझ्यातच भरे. गिऱ्हाईकं लांबून बोलू लागली.

बाहेरून हे सगळं हसण्यासारखं होतं. आतून मी सकाळी गोळी गिळली की घड्याळ सुरू होई. दुपारपर्यंत काही योग्य मिळेल का? नाही मिळालं तर वाईट खाऊ, की उपाशी राहू? वाईट खाल्लं की मी बूट काढून अंगठा बघत असे. उपाशी राहिलो की हात थरथरत. ह्या दोन्हींच्या मधून रोज एक दुपार काढायची होती.

भाद्रपदातला दिवस होता. ऊन असं की सावल्यासुद्धा झाडाला चिकटून बसल्या होत्या. दिग्रसला सकाळपासून पंपांची रांग लागली, आणि मी ठरवलं की इथलं तळलेलं नको, दारव्ह्याच्या बाजारात काकडी, पेरू, काहीतरी मिळेल. निघालो तेव्हाच जेवायची वेळ टळली होती. अर्ध्या रस्त्यात मोपेड दोन दिसायला लागल्या. मी तर एकीवरच बसलो होतो. अंगाला घाम फुटला, तोही गार. कसाबसा एका वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, गाडी लावली आणि कडुलिंबाच्या झाडाखाली बसायला गेलो, तो आडवाच झालो.

वावरात निंदणाच्या बाया होत्या. त्या धावत आल्या. पुढं एक म्हातारी होती, त्या सगळ्यांची पुढारीण.

"काय झालं रे बापा? कोन्या गावचा व्हय तू?"

मला वाटलं, मुद्द्याचं तेवढं सांगावं. जीभ जड झाली होती. मी म्हणालो, "सकाळी औषध घेतलं. पोटात काई नाई."

त्या वर्षांत 'औषध घेतलं' या दोन शब्दांना आमच्या भागात एकच अर्थ उरला होता. अमक्यानं औषध घेतलं, असं कोणी म्हटलं की ऐकणारा पुढचा प्रश्न विचारत नसे, पायात चपला घालत असे. हे मला माहीत होतं. पण भोवळ आलेल्या माणसाला कुठला शब्द कुठल्या वर्षी बोलू नये याचं भान राहत नाही.

"माय वो. औषध घेतलं म्हन्ते हा."

"अंगाचा वास पाय ना. भरपूर घेतलं दिसते."

म्हातारीनं माझं डोकं मांडीवर घेतलं. "कोन्तं घेतलं? अळीचं का माव्याचं?"

"गोळी," मी म्हणालो.

"धान्यात ठेवाची गोळी घेतली? मंग तं गेलाच हा," मागून कोणीतरी म्हणालं.

"डॉक्टरनं सांगतलं घ्याले."

"डोक्यात चढलं त्याच्या. डॉक्टर कायले सांगन?"

"भाकर द्या," मी म्हणालो. खरं म्हणजे मी ते ओरडलो होतो, पण माझ्या कानापर्यंतही ते नीट पोचलं नाही.

"काई देऊ नोका. पोटात गेलं का भिनते. मिठाचं पानी करा लवकर."

त्यांनी नाक दाबून माझ्या तोंडात मिठाचं पाणी ओतलं. मी म्हणतो, आख्खा समुद्र ओतला. सकाळपासून पोटात होतं-नव्हतं ते घोटभर पाणीही बाहेर आलं. रस्त्यावर एका बाईनं काळीपिवळी जीप थांबवली. ती माणसांनी इतकी भरली होती की ड्रायव्हर अर्धा बाहेर बसून चालवत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझं पंपाचं गिऱ्हाईक असल्यानं त्यानं मला ओळखलं. "जागा नाई," तो म्हणाला, "पन मी मोकळी गाडी पाठवतो अन् याच्या घरी बी सांगतो." आणि गेला.

मला तेव्हा पहिल्यांदा खरं भ्यायला झालं. काकांचा पाय हप्त्याहप्त्यानं गेला होता. मी एका दुपारीच जाणार होतो, तेही ज्या बायांजवळ भाकरी होत्या त्यांच्या मांडीवर. त्या भाकरी झाडाला बांधलेल्या फडक्यात लटकत होत्या. मला दिसत होत्या.

"साखर," मी म्हणालो. "साखरेची गोळी."

"आता साखरेची गोळी मागते. लेकरावानी झाला बिचारा."

"शुगर," मी म्हणालो.

त्या शब्दावर एक तरुण बाई पुढं सरकली. "थांबा वो आत्याबाई. शुगर म्हन्ते थो. माह्या बापाले हाय शुगर. तेबी असेच थरथरतात." ती माझ्या तोंडाजवळ वाकली. "भाऊ, रोज सकाळी खाता का गोळी?"

मी मान हलवली. निदान मला तरी वाटलं की हलली.

"अन् हा खोटा बोलत असन तं?" म्हातारी म्हणाली. "आपल्या हातून मेला तं?"

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. माझ्या खरेपणाचा पुरावा म्हणून माझ्याकडे त्या वेळी फक्त घाम होता.

"गाडी येईतवर साखरेनं काय वाकडं होते?" तरुण बाई म्हणाली आणि तिनं चहासाठी आणलेली पुडी सोडून मूठभर साखर माझ्या तोंडात कोंबली. ज्या साखरेला मी जिल्हाभर चुकवत फिरत होतो, ती जिभेवर विरघळली आणि थोड्या वेळानं दोनाची एक म्हातारी झाली.

मग म्हातारीनं फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, कांदा. तळलेलं नाही, मैदा नाही, गोड नाही. मी हात पुढं केला तर तिनं माझ्या हातावर चापट मारली. "आधी माती लावून धू. मले पुन्हा मिठाचं पानी नाई करायचं."

मी तीन भाकरी खाल्ल्या. त्यातल्या दोन कोणाच्या होत्या, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

मोकळी गाडी आलीच नाही. पण जीपवाल्यानं दुसरं काम चोख केलं होतं. मी ऊन उतरल्यावर गावात शिरलो तर माझ्या अंगणात माणसं बसली होती. बोलत नव्हती. असं न बोलता बसायची त्या वर्षांत आमच्या गावाला सवय झाली होती. कोणीतरी मला पाहिलं आणि उभं राहिलं, मग सगळेच उभे राहिले, आणि मी गाडीवरूनच म्हणालो, "बसा, बसा, अजून वेळ हाय." एकही माणूस हसला नाही. आयुष्यात माझा वाया गेलेला तो पहिला विनोद.

बायको उंबऱ्यावर बसली होती. डोक्याला निंदणाचं फडकं तसंच, हाताला माती. तिला वावरातून आणलं होतं. ती उठली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तोंड उघडा."

"अवं, काई नाई झालं. शुगरची गोळी…"

"तोंड उघडा म्हन्लं ना."

एवढ्या लोकांसमोर मी तोंड उघडलं. तिनं नाक जवळ आणून वास घेतला. पुन्हा घेतला.

"कांदा," ती म्हणाली, आणि तिथंच खाली बसली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं भाकर फडक्यात गुंडाळून माझ्या कमरेला बांधायला सुरुवात केली, पेटीपासून लांब. गाठ तिचीच, आणि ती अशी की सोडायला मला दिग्रसच्या दोन हमालांची मदत लागे. गोळी मी तिच्यासमोर खायची. 'घ्यायची' नाही, खायची. 'घेणं' हा शब्दच आमच्या घरातून गेला. खिशात साखरेची पुडी. निंदण सरलं, वेचणी आली, पंपांचं काम कमी झालं, तरी मी कुठं गेलो आणि उशीर झाला की ती रस्त्यावर येऊन उभी राही. मी धड आहे हे कळावं म्हणून मी लांबूनच हॉर्न वाजवायचो. माझ्या मोपेडचा हॉर्न म्हणजे सर्दी झालेली बकरी. त्यानं कोंबडं पण बाजूला होत नसे. तीही त्यानं हलत नसे. मी जवळ येऊन गाडी बंद करायचो, आणि ती आधी माझ्या तोंडाचा वास घ्यायची, मग घराकडे वळायची.