विमानापुढं पायघड्या

लढाईच्या वर्षांत विमानांना कुणी माघार घ्यायला लावली असेल तर ती आमच्या गावच्या परीटमामांनी, हे मी कुणापुढंही छातीठोकपणे सांगेन. त्यांच्याकडं ना तोफ ना बंदूक. एक गाढव, एक भट्टी आणि गावकऱ्यांची चौदा धोतरं एवढ्या फौजेवर त्यांनी मैदान मारलं. आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? तर माझ्या होणाऱ्या सासूबाईंच्या पायाखाली पांढरं कापड यावं म्हणून! वसमतच्या अलीकडं आमचं गाव, माझे वडील तिथले पटवारी, आणि मामा गावातल्या झाडून सगळ्या पोरींचे मामा.

मामांना माणसांचे चेहरे लक्षात राहायचे नाहीत, कपडे राहायचे. रस्त्यात कुणी रामराम घातला की ते आधी त्याच्या बंडीकडं बघायचे, कोपरावरचं ठिगळ ओळखायचे आणि मग नाव घ्यायचे. एकदा आमच्या वडिलांनी दुसऱ्याचा सदरा घातला, तर मामा चावडीवर त्यांना ओळख न देता पुढं निघून गेले. डाग पडलेला तर त्यांना मुळीच खपायचा नाही. भर पंगतीत पाटलांना म्हणाले, "पाटील, ते वरण तोंडात घाला की, धोतराला काहून जेवू घालून राहिले?" पाटील हसले म्हणून बरं. पांढरं म्हणजे पांढरं, त्यात मुरव्वत नाही, असा मामांचा कायदा होता.

अशा माणसाच्या वाळवणीशेजारी, म्हणजे कपडे वाळत घालायच्या जागेला लागूनच, सरकारनं विमानं उतरायचं मैदान केलं! गायरान सपाट झालं, मुरूम पडला, आणि एक दिवस आभाळ फाटल्यागत आवाज करत पहिलं विमान आलं. अख्खं गाव बघायला धावलं. महिन्याभरात हौस फिटली. म्हशी पान्हा चोरायला लागल्या. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं ते तिचं तिलाही ऐकू आलं नाही. आम्ही सगळे अर्धं वाक्य बोलून थांबायचो, विमान गेलं की उरलेलं बोलायचो. मामांचं गाढव तर बिथरून पार ओढ्यापलीकडं पळायचं. मामांनी त्याच्या कानात कापसाचे बोळे घातले. गाढव विमानाला भ्यायचं थांबलं, पण मामांच्या हाकेलाही ओ देईना. शेवटी ते स्वतःच गाठोडी डोक्यावर घेऊन त्याच्या पुढं चालायला लागले.

आवाजाचं एक वेळ सोसलं असतं. खरा घात केला धुरळ्यानं. उडण्याआधी विमान वाळवणीकडं शेपूट करून उभं राहायचं आणि तिथंच घरघरत बसायचं. मुरमाची तांबडी धूळ, वर धूर आणि तेलाचे बारीक काळे ठिपके, सगळं ओल्या कपड्यांवर. मामा पुन्हा धुवायचे, विमान पुन्हा रंगवायचं. त्यातच पाटलांच्या घरी लग्न निघालं. आमच्याकडं विहीणबाई मांडवात येताना परटानं धुतलेली धोतरं वाटेवर अंथरायची, त्या पुढं जातील तशी मागची उचलून पुढं टाकायची, त्याच पायघड्या. हा मामांचा पिढीजात मान. पण त्या दिवशी धोतरं निघाली राखाडी, आणि पाटलांच्या विहीणबाई नाक मुरडून पायघड्या सोडून कडेनं चालल्या. मामा दोन दिवस जेवले नाहीत.

पुढच्या महिन्यात माझं लग्न होतं. सासर हिंगोलीचं, सासूबाई भलत्या टापटिपीच्या. जुनी धोतरं राखाडी झालेली आणि लढाईमुळं नवं कापड मिळेना, म्हणून आमच्या काकांनी सुचवलं की यंदा पायघड्या राहू द्याव्यात. हे मामांच्या कानावर गेलं. ते तडक आमच्या ओसरीवर आले आणि वडिलांना म्हणाले, "पटवारीसाहेब, माझ्या हातचा मान गेला तर मी ह्या गावात राहू काहून?" मला तर रडूच कोसळलं.

विमानं वाळवणीपासून दूर उभी करावीत म्हणून वडिलांनी मैदानावर तीन अर्ज धाडले, उत्तर एकाचंही नाही. मग मामांनी स्वतःची अक्कल चालवली. मैदानाचा कारभार बघणाऱ्या साहेबाचे कपडेही तेच धूत. आजवर ते मोठा माणूस म्हणून त्याचे कपडे पार ओढ्यापलीकडं, जेमतेम चार कपडे मावतील अशा खडकावर वाळवत होते, ते आता मैदानाशेजारी वाळवू लागले. आठवड्याभरात साहेब लालबुंद होऊन दारात हजर. "ये क्या धुलाई है?"

"साब, धोया मैंने, रंगाया तुमने," मामा शांतपणे म्हणाले.

साहेबाला पटेना. मामांनी त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी वाळवणीवर बोलावलं. आता एवढ्या मोठ्या माणसाला बोलवायचं तर रीत नको? त्यांनी रस्त्यापासून चौदा धोतरं अंथरली आणि साहेबाला बूट काढायला लावून विहीणबाईसारखं त्यावरून चालवलं! सगळं गाव बघत होतं. साहेब मधोमध आला आणि पलीकडं विमान घरघरलं. धुरळा बसल्यावर बघतो तर पायघड्या तांबड्या, साहेबाची पांढरी पाटलोण तांबडी, मिशासुद्धा तांबड्या. मामांनी हात जोडले. "अब बोलो साब, ये किसने रंगाया?"

साहेब आधी खोकला, मग जो हसत सुटला! दुसऱ्या दिवसापासून विमानं मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला, खडकाळ माळाकडं शेपूट करून घरघरू लागली. लग्नाच्या मुहूर्ताला घटकाभर तर एकही उडालं नाही, तीही मामांचीच अट. आणि काय पायघड्या होत्या हो माझ्या लग्नातल्या! डोळे दिपावेत अशा. सासूबाई पहिलं पाऊल टाकणार एवढ्यात मामा आडवे आले. "विहीणबाई, आधी पाय पुसा!" सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं म्हणता! पण खाली नजर गेली आणि त्यांनी मुकाट्यानं पाय पुसले. हे पुढं त्यांनी मला जन्मभर ऐकवलं, पण ऐकवताना हसायच्या.

लढाई संपली, विमानं गेली, मैदानावर पुन्हा गुरं चरू लागली. निजामाचं राज्य गेलं त्या हिवाळ्यात मी माहेरी आले. मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, भट्टी विझलेली. मी समोर उभी राहिले तर त्यांनी माझ्या लग्नातल्या लुगड्याचा पदर चाचपला, काठ बोटांत धरला. "पटवारीसाहेबांची लेक!" मग आत जाऊन त्यांनी एक धोतर आणलं आणि उंबऱ्यापुढं हातानं सारखं करत अंथरलं. जुनं, पिवळं पडलेलं, कडेला विमानाच्या तेलाचे काळे ठिपके.

"पांढरं हाय न्हवं, लेकी?"

"व्हय मामा. पांढरंशुभ्र."

"मंग आधी पाय पूस."

मी खाली बसले आणि त्याच लुगड्याच्या पदरानं दोन्ही पाय पुसले.