न खाल्लेली कोबीची भाजी

गलातियातल्या त्या मेंढपाळांच्या गावात मांस न खाणारा माणूस म्हणजे पोहता न येणारा कोळी. एल्पीदिओसला लोक नावं ठेवत आणि पाहुणा आला की त्याला दाखवायलाही नेत. तो चर्चचा डीकन, म्हणजे धर्मगुरूचा मदतनीस होता. रविवारी प्रार्थना संपली की पवित्र भाकर घेऊन तो आजाऱ्यांच्या घरी जाई, तेही अशा तोऱ्यात, की निम्मे आजारी त्याला बघूनच उठून बसत. या एका कामावर त्याचा जीव होता.

मांसाची त्याला किळस होती म्हणावं, तर तसंही नाही. शेजारी कोकरू भाजायला लागले की हा गडी भिंतीला टेकून, डोळे मिटून वास घेत उभा. पण तरुणपणी, ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या जुन्या सम्राटाच्या अमलात, शिपायांनी त्याला मूर्तीपुढे ओढत नेलं आणि बळीचं मांस तोंडात कोंबायला लागले. यानं दातखीळ बसल्यासारखे दात आवळले. गर्दीतला कुणी कनवाळू ओरडला, "खाल्लं यानं, सोडा." शिपायांनी ढकलून दिलं. दुसरा कुणी असता तर त्यानं गुपचूप घर गाठलं असतं. एल्पीदिओस मात्र गल्लीभर "मी खाल्लं नाही" असं बोंबलत गेला आणि पुन्हा मार खाऊन आला. त्या दिवसापासून मांस बंद.

आता सम्राट स्वतःच ख्रिस्ती झाला होता, आणि आली का पंचाईत. मांस ही सैतानाची करणी आहे असं सांगत काही लोक फिरत होते. त्यांना ओळखायला बिशपांच्या सभेनं नियम केला: मांस टाळणाऱ्या डीकननं ते एकदा चाखावं, मग खुशाल सोडावं. मांसाबरोबर शिजलेली भाजीही नको म्हणेल, त्याचं पद गेलं.

नियम घेऊन आला बिशप नेस्तोर, याच गावचा मुलगा. त्याच्या बाप्तिस्म्याला एल्पीदिओसनंच त्याला हातात धरलं होतं, आणि बाळानं त्याचा झगा ओला केला होता. बिचारा बिशप अवघडला होता. मांस राहू दे, नुसती भाजी खाल्ली तरी चालेल, असं त्यानं स्वतःहून सांगितलं. चर्चच्या ओसरीवर पंगत बसली, रांधायला एल्पीदिओसची बायको अम्मिया. तिनं डुकराच्या मांसात शिजवलेली कोबी सगळ्यांना वाढली, नवऱ्यापुढेही ताट ठेवलं.

एल्पीदिओसनं ताटावर नाक नेलं. पुन्हा नेलं. मग बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

"अम्मिया, ही वेगळ्या भांड्यातली, हिला मांस लागलेलंच नाही."

"अहो, गिळा की मुकाट्यानं," ती पुटपुटली. "कोण विचारतंय?"

नेस्तोरनं ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. "काका, भाजी आहे ना? एक घास खा, म्हणजे मी निघतो."

"खाल्ली, की तू लिहून नेणार, एल्पीदिओसनं नियम पाळला."

"हो."

"बाळा, मांस देवानंच केलंय, आणि झकास केलंय. वासानं आत्ताही माझ्या तोंडाला पाणी सुटलंय. हे हवं तर लिहून ने. पण मागं शिपायांच्या हुकमानं तोंड उघडलं नाही, ते आज तुझ्या हुकमानं उघडू? आणि न खाता 'खाल्लं' म्हणून सुटायचं, तर तेव्हाच सुटलो होतो की."

"काका, मग मला तुमचा डीकनचा पट्टा परत मागावा लागेल." नेस्तोर म्हणाला.

एल्पीदिओसनं खांद्यावरचा पट्टा काढला. घडी नीट घातली आणि ती बिशपच्या मांडीवर ठेवली. उद्याच्या रविवारी भाकर दुसरा कुणी नेणार होता.

मग तो बाहेर पडला आणि गल्लीत लागला ओरडायला, "मी खाल्लं नाही." दारं उघडली, कुत्री भुंकली. मागून अम्मिया, हातात त्या बिनमांसाच्या भाजीचं भांडं, तोंडानं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. घरी पोचल्यावर दोघांनी ती कोबी संपवली. मीठ कमी पडलंय, हेही त्यानं ऐकवलंच.